सिनेमातली डावखुरी माणसं

"राणी चांगली हुती. पर अक्कल न्हाई."

मधल्या उखळावर हात टेकून काशी एवढंच म्हणाली आणि थांबली. आजूबाजूची मुसळंही वरच्या वर थांबली. थांबायचं कुठं, हे काशीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"का गं? काय केलं तिनं?" शांतीनं विचारलंच.

"काय केलं? नवऱ्यानं घराभाईर काडली, कडेवर प्वार, आणि निघाली रानात. हातात कोयता न्हाई! कोयत्याबिगर रानात कोण जातं? येवढं रान तुडवलं तर पायाला एक जळू न्हाई लागली. मी डोळं फाडून बगत हुते. एकसुदीक न्हाई! जळवा न्हाईत तर त्ये रान कसलं? बाग म्हना."

"आणि दिसायला?"

"तोंड ग्वाड. पर मी कोपरं बगितली. ती कोपरं बाईची न्हवंत. आपल्या परशूसारका कुणीतरी लाकडं ओढनारा बाप्या धरून आणलाय आणि त्याला लुगडं नेसवलंय. रडताना बगा, बाई रडली की पदराला नाक पुसती. ही मनगटानं पुसत हुती."

गावड्याच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, खळ्यात हशा पिकला. कोपऱ्यात सूप घेऊन बसलेली देवकीअव्वा, म्हणजे गावड्याची म्हातारी आई, हसता हसता खोकली आणि म्हणाली, "हाणा गं मुसळं. काशीचं भात तसंच ऱ्हायलं."

काशीचं भात काशी कांडत नसे. ती तिथली जुनी रीत होती. दुपारी खळ्यात बायका भात कांडायला जमल्या की एकीनं सांगायचं, आणि सांगणारणीची टोपली बाकीच्यांनी मिळून कांडून द्यायची. काशीची सासू देवादिकांच्या कथा सांगायची. ती होती तोवर मान तिचा. ती गेल्यावर काशी पुढं आली आणि तिनं देवांच्या जागी सिनेमा आणला. दिग्गीतून बाहेर पडायचं म्हणजे जोयड्याकडं जा नाहीतर कॅसलरॉककडं, दोन्ही बाजूंना रानच. अशा गावात एकोणीसशे पंचवीस-सव्वीस सालात सिनेमा पाहिलेली बाई एकच, वासूची बायको काशी.

तिचा भाऊ लखू कॅसलरॉकला रेल्वेच्या रुळांवरच्या गँगमध्ये होता. उन्हाळ्याच्या तोंडाला लोंढ्याला तंबूतला सिनेमा यायचा आणि लखू बहिणीला बोलावणं धाडायचा. दिवसभर रानवाट चालून ती कॅसलरॉक गाठायची, तिथून गाडीनं लोंढा. सात वर्षांत तिनं सहा सिनेमे पाहिले होते आणि त्या सहांवर ती बारा महिने सांगत असे.

तंबूच्या मधोमध भलामोठा पांढरा पडदा टांगलेला. पुढं पुरुष बसत, पडद्याच्या पलीकडं बायका. बायकांच्या बाजूलाही चित्र उमटावं म्हणून एक माणूस मधून मधून पडद्यावर पाणी मारत असे. काशी म्हणायची, "सिनेमाला तहान लागती." मूक सिनेमा, पडद्यावर अक्षरं येत, ती एक जण पुढं उभा राहून मोठ्यानं वाचायचा. बायकांच्या बाजूला इंजिन धडधडायचं, त्यात त्याचा शब्द ऐकू येत नसे. काशीला तरी कुठं गरज होती? कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा वैरी, हे ती चालण्यावरून ठरवायची.

आणि एक गोष्ट तिनं पहिल्या सिनेमापासून हेरली होती. सिनेमातली माणसं डावखुरी असतात. राजा डाव्या हातानं जेवतो. राणी डाव्या हातानं भिक्षा घालते. शिपायाची तलवार डाव्या हातात, बामण कुंकूही डाव्या हातानं लावतो. लखूला विचारावं तर तो पहिल्या रिळालाच झोपायचा. तेव्हा काशीनं आपलं आपण ठरवलं.

"भुताचं पाय उलटं असत्यात का न्हाई? तसं सिनेमातल्या मानसांचं हात उलटं. ती आपल्यातली न्हवंतच. सावलीच्या मुलकातली हाईत."

ह्या एका वाक्यावर दिग्गीतल्या बायका सात वर्षं अंगावर काटा आणून घेत होत्या.

मग फुला आली.

काशीचा धाकटा दीर नागू, त्याची ही नवी बायको. माहेर खानापुराकडचं, मामा बेळगावात. मराठी तिसरी शिकलेली. दात पांढरेशुभ्र, केस गुडघ्यापर्यंत, आणि आवाज नव्या घागरीवर टिचकी मारावी तसा. पहिले चार महिने ती खळ्यात मान खाली घालून मुसळ हाणत होती आणि काशी तिच्याकडं पाहून मनात म्हणत होती, पोरगी गरीब हाय.

त्या दुपारी काशीनं राणीचा सिनेमा पुन्हा रंगात आणला होता. "...आणि गोसावी दारात आला. राणी उठली. डाव्या हातानं मूठभर तांदूळ..."

"उजव्या."

मुसळं थांबली. ह्या वेळी काशीनं थांबवली नव्हती.

"कोण बोललं?" देवकीअव्वानं विचारलं.

"मी, अव्वा." फुला लाजली, पण गप्प बसली नाही. "राणी उजव्या हातानं भिक्षा घालती. मी बगितलाय त्यो सिनेमा. बेळगावात, मामाकडं ऱ्हायला ग्येल्यावर."

"एक बगितलास?" काशी म्हणाली.

"न्हाई अक्का. अकरा."

अकरा! शांतीच्या हातातलं मुसळ उखळात तसंच उभं राहिलं. बायका फुलाभोवती सरकल्या. सांग की गं. सांग की. फुलानं पदर सारखा केला आणि सांगायला लागली. राणीला नाव होतं. राजाला नाव होतं. काशी ज्याला राणीचा भाऊ म्हणत होती तो भाऊ नव्हताच, कपटी प्रधान होता. पडद्यावर तसं लिहून आलेलं. राणी रानात का गेली, त्याला कारण होतं, शाप होता. सात वर्षं काशीनं कोयत्यावर निभावलेल्या राणीला फुलानं अर्ध्या घटकेत पूर्वजन्म दिला. शेवटी राणी राजाला भेटली तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. पदरानं.

काशीच्या राणीवर कुणी कधी रडलं नव्हतं. हसल्या होत्या.

"फुलाची टोपली कुटं हाय?" देवकीअव्वा म्हणाली. "आणा हिकडं. वाटून घ्या गं."

काशीची टोपली तिथंच राहिली. कुणी मुद्दाम ठेवली नाही, विसरली गेली. सात वर्षांनी काशीनं आपलं भात आपण कांडलं. संध्याकाळी तळहातावर फोड आला, तो तिनं वासूला दाखवला.

"भात कांडून फोड येतोय व्हय?" वासू म्हणाला. तो कोयत्याला धार लावत होता.

"तुमाला काय कळतंय!"

"आगं, पर तुजं ग्येलं काय?"

"माजी टोपली ग्येली."

"तिथं तर हाय, खुंटीला."

काशीनं कपाळावर हात मारला. ह्या बाप्याला सिनेमातला राजा केला असता तर राणी पहिल्याच रिळात रानात गेली असती.

मग घरात सुरू झालं. ओल्या लाकडांची चूल फुलाच्या वाट्याला आली. वरची विहीर सोडून खालच्या ओढ्याचं पाणी फुलानं आणायचं ठरलं. मुडली, म्हणजे रानातले ते मणभर मातीचे कंद, खणायला फुला, आणि धुऊन कौतुकानं मोजायला काशी. फुला सगळं करायची आणि दर वेळी गोड आवाजात विचारायची, "आणि काय करू, अक्का?" ह्या अक्कानं काशीच्या अंगाची आग व्हायची. उलटून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

खळ्यात आता रोज फुला. काशी मुसळ हाणताना मधून टोमणे मारायची.

"बेळगावचं प्रधान लई बोलत्यात. आमच्या लोंढ्याचं गुमान पाप करत्यात."

कुणी हसायचं नाही. सगळ्या कान देऊन बसलेल्या.

पण एक गोष्ट काशीनं सोडली नाही. हात. "बाकी नावं तू काय बी ठेव. पर ती मानसं डावखुरी हाईत. माज्या ह्या डोळ्यांनी बगितलंय, सा येळा."

"उजवी हाईत, अक्का. मी अकरा येळा बगितलंय."

शेवटी देवकीअव्वानं सूप खाली ठेवलं. "आता गप! औंदा तंबू आला की दोगी जावा. येकाच सिनेमाला, येकीच्या शेजारी येक. येऊन सांगा, हात डावा का उजवा. जिचं खरं तिची टोपली. पुन्ना वाद न्हाई."

शिमगा झाला आणि लखूचा निरोप आला.

दोघी निघाल्या, सोबतीला नागू. रानवाटेनं काशी पुढं, फुला मागं. फुलाला ठेच लागली तेव्हा काशी म्हणाली, "बेळगावात दगूड नसत्यात न्हवं?"

लोंढ्याला तंबू उभा होता. दिवेलागणीचा खेळ. नागू आणि लखू पुढं गेले. काशी फुलाला घेऊन सवयीनं मागच्या दारानं आत शिरली, पडद्याच्या बायकांच्या बाजूची जागा पकडली, घोंगडं पसरलं. फुला उभीच.

"अक्का, आपुन हितं बसायचं?"

"मग काय बाप्यांत बसतीस?"

"न्हाई, पर आमी तिकडं बेळगावात..." बोलता बोलता फुला थांबली. इंजिन धडधडायला लागलं होतं. ती बसली.

पडदा भिजवला गेला. उजेड पडला. आधी अक्षरं आली, फणसाएवढी. फुलानं डोळे बारीक केले, मान डावीकडं कलती केली, मग उजवीकडं. मग एकदम पदर तोंडात धरला.

काशीचं तिकडं लक्ष नव्हतं. पडद्यावर घोडा धावत आला, राजपुत्र उतरला, त्यानं तलवार काढली आणि काशीनं फुलाच्या मांडीवर थाप मारली.

"बग! बग! कंचा हात?"

"डावा, अक्का."

"नीट बग! पुन्ना म्हणशील."

"डावाच. तुमचं खरं."

एवढं सोपं? काशीनं कितीतरी महिने ह्या घटकेची वाट पाहिली होती. फुलानं रडावं, नाकारावं, डोळे चोळावेत. तिनं तर पिकलेली भिरंड, म्हणजे रानातलं कोकम, तोडून हातावर ठेवावी तसा विजय काढून दिला. काशी पडदा सोडून जावेकडं बघायला लागली. पुन्हा अक्षरं आली तशी म्हणाली, "आता काय लिवलंय गं? वाच की."

"दिसंना, अक्का. अक्षरं लई बारीक हाईत."

"फणसायेवडी अक्षरं आणि बारीक?"

फुलानं घोंगड्याचा कोपरा सारखा केला. रीळ संपलं, दिवा लागला. काशी उठली. "पाणी पिऊन येते," म्हणाली आणि पडद्याच्या कडेकडेनं गेली, पडदा बांधलेल्या बांबूपाशी. तेवढ्यात दिवा मालवला आणि पुढचं रीळ सुरू झालं.

बांबूच्या ह्या अंगाला बायका, त्या अंगाला बाप्ये. काशीनं डोकं जरासं पुढं काढलं.

राजपुत्र तलवार घेऊन लढत होता. उजव्या हातात.

तिनं डोकं मागं घेतलं. डाव्या. पुढं काढलं. उजव्या. पुढं एक माणूस उभा राहून अक्षरं मोठ्यानं वाचत होता, आणि इथं त्याचा शब्द न् शब्द कळत होता. तोच घोडा तिकडून इकडं धावत होता आणि इकडून तिकडं. पुढं काढ, मागं घे. कोंबडी दाणे टिपते तशी काशीची मान चालली होती.

"ए बाई! मदी मदी काय करतीस? बाजूला हो!" कुणीतरी ओरडलं.

काशी बाजूला झाली. बांबूला धरून उभी राहिली. सावलीचा मुलूख नव्हता, उलटे हात नव्हते. सात वर्षं तिनं सिनेमा पाठीमागून पाहिला होता, एवढंच. आणि हे फुलाला पहिल्या अक्षराला कळलं होतं. कळून ती म्हणाली होती, तुमचं खरं.

हरणं एक वेळ काशीनं गिळलं असतं. पण जी टोपली तिनं स्वतःच्या जिभेवर मिळवली होती, ती आता फुला तिला भिक्षा घालणार होती. उजव्या हातानं!

जागेवर येऊन बसली तेव्हा फुलानं विचारलं, "पाणी मिळालं, अक्का?"

"मिळालं," काशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खळ्यात गर्दी. दिग्गीतल्या झाडून सगळ्या बायका, काही तर भात न घेताच आलेल्या. काशी मधल्या उखळापाशी उभी राहिली. फुला आपल्या जागी, हातात मुसळ.

"सिनेमा मागनं सांग," देवकीअव्वा म्हणाली. "आधी हात."

काशी बोलायच्या आत फुला म्हणाली, "अक्कांचं खरं, अव्वा. डावाच."

"आगं बाई!" शांतीनं टाळी वाजवली. "काशीची टोपली आणा—"

"खोटं!" काशी ओरडली. "खोटं बोलती ही! मला मोटेपना दाखवती! उजवा हाय. सगळ्यांचा उजवा. मीच पाटीमागं बसत हुते!"

कुणाला काही कळेना. पाठीमागं म्हणजे? कुणाच्या पाठीमागं? काशीनं इकडं तिकडं पाहिलं. खळ्याच्या कडेला काठीवर देवकीअव्वाचं पांढरं लुगडं वाळत होतं, अजून ओलं. काशीनं ते दोन खांबांमध्ये ताणून बांधलं, फुलाचा दंड धरला आणि तिला उन्हाच्या बाजूला उभी केली, लुगड्याकडं तोंड करून. मुद्दाम फुलालाच. हातात कोयता दिला.

"उजव्या हातानं वर धर. हालू नको. तू राजपुत्र."

लुगड्यावर फुलाची सावली पडली, कोयता उगारलेली. काशी स्वतः लुगड्याच्या दुसऱ्या अंगाला गेली.

"निम्म्या हितं या, माज्याजवळ. निम्म्या पल्याड जावा, तिच्या पाटीमागं. आता सांगा, सावलीच्या कंच्या अंगाला कोयता हाय?"

"डाव्या!" इकडच्या म्हणाल्या.

"न्हाई बाई, उजव्या!" तिकडून आवाज आला.

"आता बदला जागा!"

मग खळ्यात एकच पळापळ. इकडच्या तिकडं, तिकडच्या इकडं. उजवा! डावा! अगं खरंच की! देवकीअव्वासुद्धा काठी टेकत दोनदा फेरी मारून आली. उन्हात हात वर करून उभी राहिलेली फुला घामानं निथळली, आणि काशीनं तिला बराच वेळ तशीच ठेवली.

"म्हंजे सात वरसं तू आमाला उलटा सिनेमा सांगितलास?" देवकीअव्वानं विचारलं.

"व्हय. उलटा." काशीनं मान ताठ केली. "पर जळू सुलट्या बाजूलाबी न्हवती."

असं हसू त्या खळ्यात पूर्वी झालं नव्हतं. शांती तर उखळावरच बसली. काशीनं ते हसू अंगावर घेतलं, इतक्या महिन्यांची सगळी तहान त्यात भागली.

मग देवकीअव्वा फुलाकडं वळली. "तुला ठावं हुतं, मग खोटं का बोललीस गं?"

फुलानं कोयता खाली ठेवला, तोंडावरचा घाम पुसला. "अव्वा, मला नांदायचं अक्कांच्या घरात हाय. तंबूत न्हाई."

आणि पुन्हा हसू. पहिल्यापेक्षा मोठं. पार तिकडं आंब्याखाली बसलेल्या बाप्यांनी माना वळवल्या. काशीनं ते हसू ऐकलं. एका वाक्यात! तिनं लुगडं बांधलं, बायका पळवल्या, आपली सात वर्षं उघडी केली, आणि ही उभ्या उभ्या एका वाक्यात घेऊन गेली.

"आजची टोपली काशीची," देवकीअव्वानं निवाडा केला. "तमाशा तिनं दाखवला. उद्यापास्नं फुला सांगंल. तिला वाचता येतं. तिचं खरं निगालं."

दुसऱ्या दिवशी फुला मधल्या उखळापाशी उभी राहिली. राजपुत्राचा सिनेमा. वाचणारा माणूस नागूनं ऐकला होता, त्यामुळं नावंही सगळी होती. कपटी मामानं गादी बळकावली, राजपुत्राला हाकललं, राजपुत्राची बहीण त्याच्यासाठी भाकरी घेऊन रानात निघाली...

फुलाचं भात बाकीच्यांनी वाटून घेतलं होतं. काशीनं मोठा वाटा मागून घेतला होता.

"बहीण येकलीच निघाली?" काशीनं उखळातून नजर न काढता विचारलं.

"व्हय, अक्का."

"कोयता हुता का हातात?"

फुला थांबली. आठवायला लागली. ती अक्षरं उलटी कशी दिसतात ते पाहत होती, बहिणीच्या हाताकडं तिचं लक्षच नव्हतं. "ते... बगितलं न्हाई."

"आणि रानात लाकूड ओढल्याली वाट हुती का नुसतीच पाऊलवाट?"

"ठावं न्हाई."

सगळ्या काशीकडं वळल्या. "काशी, तू बगितलंस न्हवं? हुता कोयता?"

"मला काय इचारता?" काशी म्हणाली. "सांगणारणीला इचारा."

आणि तिनं मुसळ उचललं. हाणलं, पुन्हा हाणलं, दातओठ खाऊन हाणलं. फुला पुढं सांगत राहिली, पण बायकांचा एक डोळा काशीच्या मुसळावरच. फुलाची टोपली परत गेली तेव्हा देवकीअव्वानं तांदूळ मुठीत घेऊन पाहिला. निम्म्याची कणी झाली होती.

त्या संध्याकाळी वासूच्या घरी कण्यांची पेज शिजली. फुलानं वाढली, आणि काशीनं दोनदा मागून घेतली.